घरी शिवलेले गेटर

नमस्कार मंडळी. आज गेटरबद्दल बोलायचंय. ज्यांनी हा शब्द आजच ऐकला त्यांच्यासाठी सांगतो, बुटाच्या लेसपासून वर गुडघ्याच्या खालपर्यंत नडगी आणि पोटरी झाकणारं कापड म्हणजे गेटर. जुन्या फोटोत सैनिकांच्या पायाला घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या बघितल्या असतील ना, त्याच घराण्यातली वस्तू, फक्त गुंडाळायच्या ऐवजी पुढून उघडणारी. मी गेली काही वर्षं घरच्या मशीनवर आमच्या ग्रुपसाठी शिवतोय, बरेच जोड फाटले, उसवले, त्यातून जे कळलं ते सांगतो.

कापड घ्यायला जायच्या आधी एकच ठरवा, कोणत्या महिन्यात कुठे जाणार. जुलैत आंबोलीला गेलात तर तिथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि रानात जळवा असतात. नोव्हेंबरात तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे निघालात तर पाऊस नाही, जळू नाही, पण गुडघाभर वाळलेलं गवत आणि त्यात कुसळं. हे दोन वेगळे त्रास आहेत आणि एकाच कापडात दोन्ही बसवायला गेलं की थोडी तडजोड होतेच.

कुसळाचं जरा नीट सांगतो, कारण त्यावर सगळं ठरतं. एक कुसळ हातावर घेऊन बघा, पुढे सुईसारखं टोक, टोकाला मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब पिळदार शेपटी. त्या शेपटीवर थोडं थुंकी किंवा पाणी लावा, ती हळूहळू फिरायला लागते, पीळ सुटतो, परत वाळली की परत पीळ बसतो, असं फिरत फिरत ते बी जमिनीत शिरतं. पण मोज्यात शिरलं की घामाने तेच होतं, आणि मागचे केस उलटे असल्यामुळे ते बाहेर येत नाही, आतच जातं. म्हणून कापडाची वीण घट्ट पाहिजे. विणलेली होजिअरी, टी-शर्टचं कापड, जुनी ट्रॅकपॅंट हे सगळं बाद, त्यातून कुसळ आरपार जातं आणि जळूसुद्धा. जळू तर उपाशी असताना दोऱ्याएवढी बारीक होते.

माझी पसंती अशी, खाली घोट्यापाशी बॅगेचं जाड नायलॉन, ५०० डेनिअरच्या आसपास, आणि वर पोटरीला पातळ घट्ट विणीचं पॉलिएस्टर नाहीतर जीन्सपेक्षा हलकं सुती ड्रिल. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा धागा जाड. दुकानदाराला डेनिअर माहीत नसला तरी कापड हातात घेऊन सांगता येतं, उजेडासमोर धरा, भोकं दिसली तर ठेवून द्या, तोंडाजवळ धरून जोरात फुंका, हवा सहज पार गेली तर तेही ठेवून द्या. एक दोरा जाळून बघा, वितळून गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, राख होऊन जळक्या कागदाचा वास आला तर सुती.

आता वॉटरप्रूफचा प्रश्न, हा मला सगळ्यात जास्त विचारतात. सह्याद्रीत पावसाळ्यात वॉटरप्रूफ गेटरच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ओढा पार केला की बुटात पाणी वरूनच येतं, आणि आत घाम साचतो तो वेगळाच, मग रबराच्या पिशवीत पाय ठेवल्यासारखं होतं. आतून कोटिंग असलेलं कापड घेतलं आणि दमट कपाटात ठेवलं तर एकदोन वर्षांत ते कोटिंग चिकट होऊन सोलायला लागतं. फ्लेक्सचा बॅनर फुकट मिळतो म्हणून बरेच जण त्याचे करतात, एखाद्या ट्रेकला ठीक आहे, पण घडीवर तो तडकतो आणि हवा अजिबात जात नाही. हिमालयात बर्फावर जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे खालचा भाग पाणी अडवणारा पाहिजेच, आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात पाय घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, लावणार असाल तर घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा एक तुकडा वरून शिवा, कारण तिथेच दुसऱ्या पायाची टोकं लागतात.

रंग फिका घ्या, खाकी, करडा, कोणताही, चढणारी जळू लगेच दिसते. गोचीडसुद्धा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ मध्ये माकडतापाचे पेशंट सापडले, तो गोचिडीतून येतो, त्यामुळे त्या भागात फिरताना दर तासाभराने पाय तपासायची सवय ठेवा. आणि एक, फुरशाच्या दातापुढे असलं कापड भरवशाचं नाही, गेटर आहे म्हणून दगडाच्या फटीत किंवा दाट गवतात पाय न बघता टाकू नका.

आता बंद करायची सोय, आणि खरं काम इथेच आहे, कारण कापड क्वचित दगा देतं, दगा देतात ते वेल्क्रो, झिप आणि तळव्याखालचा पट्टा.

माझ्या पहिल्या जोडाला मी पुढून फक्त वेल्क्रो लावला होता, एक इंची. राजगड-तोरण्याच्या वाटेवर अकरा वाजेपर्यंत काटेरी पट्टी गवताच्या कुसाने गच्च भरली आणि डावा गेटर प्रत्येक पावलाला फर्रकन उघडायला लागला. पुढे एका दगडावर बसून पाऊण तास मोज्यातून कुसळं वेचली, शेवटी मोजा टाकूनच दिला. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालला १९४१ मध्ये वेल्क्रो सुचला तो त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून. म्हणजे वेल्क्रोच्या त्या बारीक हुकांचं कामच मुळी धाग्यात अडकणं, समोर गवत आलं तर ते गवतालाही धरणार.

तरीपण वेल्क्रोच घ्या, कारण चिखलाने झिपचे दात अडले की ओल्या बोटांनी ती हलत नाही. फक्त दोन इंची घ्या, आणि मऊ पट्टी काटेरीपेक्षा थोडी रुंद ठेवा म्हणजे काटे उघडे राहत नाहीत. मागे गोंद लावलेला वेल्क्रो नको, चारही बाजूंनी टीप मारा. आणि वर एक, खाली एक असं टिच बटण लावा, वेल्क्रो सुटला तरी गेटर पायावर राहतो. टिच बटण आणि आयलेट, म्हणजे कापडातल्या भोकाला लावायची धातूची कडी, पितळेचे घ्या, लोखंडी एका पावसाळ्यात गंजतात. दोरा पॉलिएस्टरचा, सुई सोळा किंवा अठरा नंबरची, सुती दोरा ओला राहून कुजतो. नायलॉनची कडा कापली की मेणबत्तीवर हलकी फिरवून सील करा, नाहीतर ती सुटत जाते.

वरच्या तोंडाला इलॅस्टिक नको, नेफा करून नाडी घाला आणि बॅगेला असतं तसं दाबाचं स्टॉपर. इलॅस्टिक घट्ट असेल तर चार तासांनी पोटरीवर वळ उठतो आणि सैल असेल तर जळू वरून आत जाते. इलॅस्टिक घोट्याला चालतं, तिथे पाय वाकतो. पुढे एक छोटा हूक लावा, तो बुटाच्या सगळ्यात खालच्या लेसमध्ये अडकतो, हा लावायचा राहिला तर गेटर पुढून वर सरकतो आणि सगळी मेहनत वाया.

तळव्याखालचा पट्टा मी शिवून टाकत नाही. दोन्ही बाजूंना आयलेट ठेवतो आणि पट्टा त्यातून ओवतो, कारण आपल्या काळ्या दगडावर तो झिजणारच. सायकलच्या जुन्या ट्यूबची इंचभर रुंद पट्टी उत्तम, पाणी पीत नाही, वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते, एक जादा सॅकमध्ये टाकून ठेवता येते. नायलॉनची पट्टीही चालते, पण ओली झाली की थोडी ढिली पडते, अर्ध्या तासाने परत ओढावी लागते. बुटाला टाचेच्या पुढे खाच आहे का ते मात्र बघा, सोल सपाट असेल तर पट्टा थेट जमिनीला घासतो आणि दोन ट्रेकमध्ये तुटतो. बकल बाहेरच्या बाजूला आणि शेपटी मागे, आतल्या बाजूला ठेवलं तर दुसरा बूट त्यात अडकून माणूस पडतो.

माप घेताना पॅंट आत खोचून, मोजे-बूट घालून, पायाला वर्तमानपत्र गुंडाळा, पेनाने खुणा करा, मिटायला दोन इंच जादा धरा आणि तोच कागद पॅटर्न. आधी जुन्या चादरीचा एक शिवून बघा, घालून घरात जिने चढा-उतरा, जिथे ओढतंय तिथे कागद दुरुस्त करा, मगच चांगलं कापड कापा. परत आल्यावर वेल्क्रोतला कचरा जुन्या टूथब्रशने काढा, साध्या पाण्याने धुवा, वेल्क्रो बंद करून सावलीत वाळवा, ऊन नायलॉनला खातं.

एवढंच सांगायचं होतं. नमस्कार.