पहिलं वर्ष कुलूप, विक्री नाही

नमस्कार, श्रोतेहो.

निवृत्ती जवळ आली की घरोघरी एक विषय हमखास निघतो. मुलगा बंगळुरूला, मुलगी हैदराबादला आणि इथे आपण दोघंच. मग रविवारच्या फोनवर ऐकू येतं, "तिथे एकटे कशाला राहताय? फ्लॅट विका आणि इकडेच या." बोलणाऱ्याचा जीव तुटत असतो, त्याच्या मायेत खोट नसते. पण त्या वाक्यात दोन वेगळे निर्णय एका गाठीत बांधलेले असतात. 'या' हा एक आणि 'विका' हा दुसरा. ती गाठ आधी सोडवायची. जायचं तर जरूर जा, पण पहिलं वर्ष घर विकू नका. पुन्हा सांगतो, पहिलं वर्ष घराला कुलूप, विक्री नाही.

सांगलीच्या एका जोडप्याची गोष्ट सांगतो. नावं बाजूला ठेवू, आपण त्यांना काका-काकू म्हणू. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुलगा बंगळुरूत. २०१९ च्या महापुरात इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि घर सोडून नातेवाइकांकडे राहावं लागलं, तेव्हाच काकांच्या मनानं घेतलं की आता सांगली सोडायची. गिऱ्हाईक आलं, इसाराची रक्कमही ठरली. काकू म्हणाल्या, "चार ऋतू तिथे काढू. मग सही करते." फ्लॅट दोघांच्या नावावर होता, त्यामुळे काकूंच्या सहीवाचून व्यवहार पुढे सरकेना. आणि हे योग्यच झालं. घर घेताना बायकोचं नाव दस्तात घातलंच पाहिजे. दारावरच्या पाटीवर घातलेल्या नावाला खरेदी-विक्रीत काही किंमत नसते.

काकूंनी जाताना एक दोनशेपानी वही घेतली. तिच्यात रोज रात्री एकच ओळ लिहायची, आज घराबाहेरच्या किती माणसांशी बोलणं झालं. सांगलीतल्या शेवटच्या आठवड्यातले आकडे होते चौदा, अकरा, सतरा. बंगळुरूत पहिल्या महिन्यात दोन, एक, शून्य, शून्य, एक. लिफ्टमध्ये नुसत्या हसलेल्या बाईंना धरायचं की नाही, यावर एका रात्री दोघांचा बराच वाद झाला. शेवटी धरायचं नाही असं ठरलं.

मग एक दिवस काकू कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे शेपू मागायला गेल्या. 'शेपू' तिला कळेना. काकूंनी जुडीवर बोट ठेवलं, तेव्हा ती म्हणाली, "सब्बसिगे सोप्पु." काकूंनी तिथेच पिशवीतून वही काढून मागच्या पानावर देवनागरीत ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मेथी, म्हणजे मेंत्या सोप्पु. तिसऱ्या दिवशी 'एष्टु?', म्हणजे केवढ्याला? पानभर शब्द झाले. आणि एका दुपारी भाजीवालीनंच आपणहून विचारलं, "ऊट आयता?" आपण 'जेवलात का?' म्हणतो ना, अगदी तेच. त्या रात्री वहीत आकडा आहे चार, आणि त्याखाली दोन रेघा. श्रावणात आकडा सहावर गेला, दिवाळीला नऊवर.

काकांसाठी शेजारी वेगळा रकाना होता. त्यात एक, एक, दोन, एक. काकांना हिंदी-इंग्रजी उत्तम येत होतं, त्यांचं कुठेच अडलं नाही. आणि अडलं नाही म्हणून कन्नडचा एक शब्दही आला नाही. सांगलीत ते रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसायचे, तिथली चार माणसं इथे मिळणार कुठून? परक्या भाषेत काम भागतं, पण गप्पा होत नाहीत.

त्यात गाडीचं प्रकरण. काका आपली एमएच-१० ची गाडी चालवत घेऊन गेले होते. मोटार वाहन कायदा सांगतो की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. अकराव्या महिन्यात काका जागे झाले. नवा नंबर मिळवायचा तर आधी सांगलीच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. तो मागायला गेल्यावर कळलं की गाडीचं कर्ज कधीच फिटलंय, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच आहे. तो उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मग थकलेलं चलन भरा. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीनं घासून ठसा घ्या. एवढं झाल्यावर कर्नाटकात फॉर्म २७ आणि गाडीच्या वयानुसार तिथला आजीवन कर. मिरजेच्या रात्रीच्या रेल्वेनं दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला काकांनी गाडीच परत आणली आणि सांगलीत उभी केली.

वर्ष संपलं, वही भरत आली. आता राहायचं होतं काकूंना, ज्यांनी सही अडवली होती. आणि परत यायचं होतं काकांना, जे इसार घ्यायला निघाले होते. सांगलीचा फ्लॅट विकला असता तर काकांना परत यायला जागाच उरली नसती. आज ते दोघं उन्हाळा आणि पावसाळा बंगळुरूत काढतात, कारण तिथला उन्हाळा सांगलीपेक्षा सौम्य आणि पुराची धास्ती नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सांगलीत येतात. काकांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला होतो, हुरडा होतो, संक्रांत होते. घाटावरची मंडळी तर काकांची वाटच बघत असतात.

आता तुमच्या कागदांकडे येऊ. पहिल्या वर्षात काय हलवायचं नाही, ते आधी. पेन्शनचं खातं हलवू नका. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण' या सरकारी सेवेमार्फत मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन असेल तर जानेवारी २०२५ पासून ती देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत मिळते, त्यासाठी पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याची ऑर्डर, या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवावी लागत नाही. गॅसचं कनेक्शन परत करू नका. मतदारयादीतलं नावही आहे तिथेच राहू द्या. कायमचं जायचं ठरलं की फॉर्म ८ भरायचा. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

आरोग्यविम्याची जुनी पॉलिसी मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका. नव्या शहरातली रुग्णालयं तिच्या कॅशलेस यादीत आहेत का, तेवढं पाहा. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड इथूनच काढून न्या, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. एसटीची सवलत मात्र राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि आयकराची काळजी करू नका, राज्य बदललं म्हणून तो बदलत नाही.

कुलूप लावण्याचीही एक रीत आहे. वीज मेन स्विचवरून बंद, फ्रिज रिकामा आणि त्याचं दार किंचित उघडं, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. आणि सगळेच विसरतात ती गोष्ट म्हणजे न्हाणीघरातली जाळी. तिच्याखालच्या वळणातलं पाणी काही आठवड्यांत आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर गोडंतेल. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही.

घर भाड्यानं द्यायचं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे, करार अकरा महिन्यांचा असला तरी. मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो तेव्हाचं बिनभोगवटा शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते, आणि नुसत्या कुलूपबंद घराला ते लागत नाही. कुणी मागितलं तर हे शांतपणे सांगा.

एक नाजूक गोष्ट. घर विकून पैसे मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये घालणार असाल, तर खरेदीखतात तुमचं नाव हवं. बक्षीसपत्र करून देणार असाल, तर त्यात देखभालीची अट स्पष्ट लिहा. अट असेल आणि देखभाल झाली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिली नसेल तर सिद्ध करताना दमछाक होते. असं लिहून मागण्यात मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. आपण मुलीच्या लग्नातले दागिनेसुद्धा यादी करूनच देतो.

आता वर्ष कधी सुरू करायचं? जिथे जाणार तिथल्या वाईट ऋतूत. चेन्नईला जाणार असाल तर मे महिन्यात, दिल्लीला जाणार असाल तर नोव्हेंबरच्या धुरकटात. डिसेंबरच्या गोड थंडीत चेन्नई पाहून घर विकणारे मे महिन्यात घामाघूम होतात. औषधं तीन महिन्यांची घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, आणि सामानात एक कोरी वही टाका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, तेव्हा परतीच्या तिकिटाची तारीख निघतानाच पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नमस्कार.