फिटची गोळी आणि डोळ्याचा पडदा: 'नंबर नाही' म्हणजे सगळं ठीक नाही

नमस्कार. 'फिटच्या गोळ्यांनी डोळे जातात का?' हा प्रश्न कमेंटमध्ये इतक्यांदा येतो की आज तेवढंच घेऊ.

सगळ्या गोळ्यांना एका माळेत ओवू नका. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन जास्त झालं की एकाचे दोन दिसतात, बुबुळं थरथरतात. डोस उतरवला की ते थांबतं. टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात डोळा अचानक दुखला, धूसर दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण तिथे भानगड डोळ्यातल्या दाबाची, पडद्याची नाही.

पडद्यासाठी खरी भीती व्हिगाबॅट्रिनची. बाळांच्या इन्फंटाइल स्पॅझम्सवर (तान्ह्या बाळांना झटके येणारा फिटचा एक प्रकार), त्यातही ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) असेल तर, हे औषध फार गुणी आहे, म्हणून ते दिलं जातं. 1997 मध्ये लक्षात आलं की काही रुग्णांची नजर कडेकडून आत आवळत जाते, बहुधा नाकाच्या बाजूने सुरुवात होऊन. गेलेली नजर परत येत नाही. डोस आणि काळ वाढेल तसा धोकाही वाढतो.

आता माझं रडगाणं. पेशंट सांगतात, 'डोळे तपासले, नंबर नाही, सहा बाय सहा आलं.' अहो, तक्ता फक्त मधली नजर मोजतो, आणि हे औषध कडा खातं! कडा गेल्या तरी शेवटची ओळ खडखडीत वाचता येते.

'पण मला काही जाणवत नाही.' जाणवणार कसं? एका डोळ्याची नाकाकडची बाजू गेली, तर दुसरा डोळा ती भरून काढतो. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागेपर्यंत बरंच गेलेलं असतं.

'थेंब टाकून पडदा बघितला, नॉर्मल आहे.' तोही सुरुवातीला नॉर्मल दिसू शकतो. मागायची ती फील्ड टेस्ट, म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी, प्रत्येक डोळ्याची वेगळी. मध्यावर नजर ठेवायची, दिवा दिसला की बटण दाबायचं. पेशंट झोपाळलेला असेल तर रिपोर्ट वाईट येतो. तो औषधाच्या माथी मारू नका, पुन्हा करा. बाळ बटण दाबणार नाही, त्याच्यासाठी ईआरजी, म्हणजे प्रकाशाला पडदा कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी तपासणी. जमेल तिथे ओसीटीची, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनची जोड.

व्हिगाबॅट्रिनचं वेळापत्रक: पहिली तपासणी औषधाआधी, फार तर सुरू केल्यापासून 4 आठवड्यांत. मग दर 3 महिन्यांनी. फायदाच दिसत नसेल, बाळांत 2 ते 4 आठवड्यांत, मोठ्यांत 3 महिन्यांत, तर औषध का चालू आहे हे न्यूरोलॉजिस्टला स्पष्ट विचारा.

आणि हा व्हिडिओ बघून आज रात्रीची गोळी चुकवू नका. एकदम तोडलं तर फिट थांबता थांबत नाही, जीवावर बेततं. डोस डॉक्टरच पायरीपायरीने उतरवतील. बंद झाल्यावरही 3 ते 6 महिन्यांनी एक फील्ड टेस्ट बाकी असते, तिची तारीख फाइलवर आत्ताच लिहून घ्या.