दहा किलो कुठं गेले?

गावच्या शाळेवर आम्ही फिल्म केलीय, त्यातला हा शॉट बघा. संध्याकाळ झालीय, गाव अमळनेर तालुक्यातलं, आणि ही जी बायकांची लाईन दिसतेय ती रेशनची नाही, कापसाच्या वजनाची. दसरा झाला की इकडं वेचणीची घाई असते, मजुरी किलोमागं, त्यामुळं काट्यावरून एकीचीही नजर हलत नाही बघा.

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी, प्रताप हायस्कूल, वसतिगृह, ते सगळ्यांना माहितीय, शॉट पण आहे आपल्याकडं, पण आज तिकडं जायचं नाही.

भिंतीवर निळ्या पेंटनं लिहिलेली ही नावं शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की या समितीत ७५ टक्के आईवडील किंवा पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे कागदावर शाळा पालकांच्याच हातात. नावं भिंतीवर, माणसं मात्र कपाशीत, कारण मीटिंग सकाळी अकराला! हंगामात दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार हो? आणि मग शेरा काय तर 'पालक उदासीन'. हा शब्द शूटिंगच्या पहिल्याच दिवशी आमच्या कानावर तीनदा पडला आणि मला तो अजिबात पटत नाही.

आता हा मारुतीचा पार, रात्रीचे आठ. या शाळेतल्या मॅडम, साताऱ्याकडच्या, दोन वर्षं झाली इथं येऊन. त्यांनी मीटिंगच उचलून पारावर आणली, भाकरी उरकल्यावर. माईक नाही, हारतुरे नाहीत, एक बॅटरी आणि पोरांच्या वह्या. "तुमनी पोर शाळामा येस का?" असं मॅडम विचारतात आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात, कारण अहिराणी बरोबर असली तरी हेल साताऱ्याचा. पण हसल्या की बोलतात. एक काकू म्हणते, "आमले काय समजस मॅडम, आम्ही अडाणी." यावर मॅडम काही बोलत नाहीत, नुसती वही पुढं करतात.

वहीत अभ्यास काय दिलाय ते जवळून बघा. आईनं आज सकाळी किती किलो वेचलं, दुपारनंतर किती, लिहा आणि बेरीज करा. तिसरीतली ही पोरगी वाचून दाखवतेय, सकाळचे ३८, दुपारचे २७, एकूण ५५. आई भिंतीला टेकून बसलेली, बोटं बोंडांनी ओरबाडलेली, अक्षर एक ओळखत नाही, ती तिथूनच म्हणते, "दहा किलो कोठे गयात?" पोरगी बोटं मोजते, परत मोजते. "हातचा इसरनी," असं आईच सांगते, हातचा हा शब्द तिनं कुठं ऐकला कुणास ठाऊक, काट्याजवळच ऐकला असणार.

हा शॉट आम्ही कापला नाही, लांब वाटला तरी.

वडीलमंडळी फ्रेममधे फारशी नाहीत, ती पारापलीकडं टपरीवर होती, तिकडं कॅमेरा गेला नाही. हजेरी वेचणीच्या दिवसांतही बरी राहिली असं मॅडम सांगतात, पुढच्या मीटिंगची वेळ बायकांनीच ठरवली, परत आठच.

बॅटरी आता पोरीच्या हातात आहे. ५५ खोडून ती ६५ लिहितेय, आणि आई वाकून बघतेय.