कॅस्पेस-३ : पेशीच्या मरणाचे विकर

श्रोतेहो, गर्भाच्या हाताला सुरुवातीला सुटी बोटे नसतात. ती पडद्याने जोडलेली असतात आणि मधल्या पेशी मेल्यावरच मोकळी होतात. या ठरलेल्या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पानगळ असा आहे. ही पानगळ प्रत्यक्ष घडवून आणणाऱ्या कॅस्पेस-३ या विकराविषयी, म्हणजे एन्झाइमविषयी, मी आज बोलणार आहे.

हे विकर पेशीत आधीपासूनच असते, पण निष्क्रिय रूपात, २७७ अमिनो आम्लांची एक सलग साखळी म्हणून. डीएनएला दुरुस्त न होणारी इजा झाली, की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते, सात आऱ्यांच्या चाकासारखी अपॉप्टोसोम नावाची रचना तयार होते, तिच्यावर कॅस्पेस-९ हे त्याच कुळातले विकर जागे होते आणि ते कॅस्पेस-३ची साखळी १७५व्या अमिनो आम्लापाशी तोडते. त्यानंतर कॅस्पेस-३ स्वतः इतर प्रथिने कापू लागते, तीही वाटेल तिथे नव्हे, तर ठरावीक क्रमाच्या शेवटी येणाऱ्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या लगेच पुढे. डीएनए कापणाऱ्या एका विकराला एरवी बांधून ठेवणारे प्रथिन ते तोडते, आणि सुटलेले ते विकर गुणसूत्रांचे तुकडे करते. केंद्रकाचे अस्तरही ढासळते. उरलेल्या पुडक्या शेजारच्या पेशी गिळतात आणि भोवती सूजसुद्धा येत नाही. इतकी वर्षे हा विषय शिकवूनही या शिस्तीचे मला वाटणारे नवल कमी झालेले नाही.

मग मरायचे टाळणाऱ्या कर्करोगाच्या पेशीत हे विकरच नाहीसे झालेले असते का? बहुधा नाही. डेट्रॉइटमध्ये १९७०च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झालेल्या एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत त्याच्या जनुकाचा ४७ अक्षरांचा तुकडा गळालेला असल्याने ते बनत नाही. त्या पेशी इतर कॅस्पेसांच्या साहाय्याने मरतात, पण त्यांच्या डीएनएचे नेहमीसारखे तुकडे पडत नाहीत. हा अपवाद झाला. बहुतेक गाठींत विकर शाबूत असते आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट अडवलेली असते: बीसीएल-२ हे प्रथिन सायटोक्रोम-सीला बाहेर पडू देत नाही, तर एक्सआयएपी हे दुसरे प्रथिन सक्रिय झालेल्या कॅस्पेस-३लाच जखडून ठेवते. अमेरिकेत २०१६ साली एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध यांतला पहिला अडसर काढते.

येथपर्यंतची कथा आशादायक आहे, परंतु ती अपुरी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की किरणोपचाराने मरणाऱ्या पेशींतील कॅस्पेस-३मुळेच प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन बाहेर पडते आणि ते वाचलेल्या कर्कपेशींना वाढीची चेतना देते. त्याच संशोधनात, डोके व मान आणि स्तन यांच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांच्या गाठींत सक्रिय कॅस्पेस-३ अधिक होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाणही अधिक आढळले.