गोळी पोटातून, पट्टी कातडीतून

नमस्कार श्रोतेहो. पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात, रात्री घामाने उशी भिजते, हे मी नव्याने सांगायला नको. त्यावर डॉक्टर कधी इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक (हार्मोन), औषध म्हणून देतात. कुणाला गोळी, कुणाला कातडीवर चिकटवायची पट्टी. औषध तेच, पण ते कुठून शिरतं त्यावर मेंदूच्या रक्तपुरवठ्याचंही बरंच अवलंबून असतं.

आमच्या रामबागेतल्या वहिनींना पट्टी मिळाली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. (हल्ली वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतात. घरं भरली हो डब्यांनी! असो.) वहिनी आल्या त्या कानशिलावर पट्टी लावून, सुंठेचा लेप लावावा तशा. वरून पावडर थापलेली, तरी कडा चमकत होती. कुंकू लावताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, टिकली सरकलीय तुमची."

"टिकली कुठली, औषध आहे ते. तापतं डोकं, मग डोक्याजवळच लावलं. लांबून कशाला पाठवायचं?"

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, वहिनी, कातडीतून रक्तात गेलेलं औषध आधी हृदयाकडे जातं, मग सगळीकडे. कानशिलावरून मेंदूला आडवाट नाही. बेंबीच्या खाली लावा, कोरड्या जागी. छातीवर नको. त्या फणकारल्या, "मग सरळ गोळीच द्यायची ना!"

प्रश्न रास्त होता. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. पट्टीचं औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं. पुन्हा सांगते, गोळी आधी यकृतात, पट्टी थेट रक्तात. 2002 साली अमेरिकेतली या हार्मोन उपचाराची जी मोठी चाचणी मध्येच थांबवली आणि जगभर बायका घाबरल्या, ती गोळ्यांचीच होती. 2010 साली ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळीने पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. दिवसाला 50 मायक्रोग्रॅमपर्यंत औषध सोडणाऱ्या पट्टीने नाही. त्याहून जास्त औषध सोडणाऱ्या पट्टीने मात्र वाढला होता, तेव्हा एकाऐवजी दोन चिकटवू नका.

पक्षाघात, गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर पट्टीसुद्धा आपल्या मनाने नाही. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक लागतं, ते डॉक्टरांना विचारा. वहिनींची पट्टी आठवड्यातून दोनदा बदलायची असते, दर वेळी जागा बदलून. जुनी दुमडून घातक कचऱ्याच्या डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात नको. सकाळी गाडीवाला ओरडतो तो मग उगाच नाही.