परतीची तारीख

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्यापूर्वी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. पुढे १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. भोकरदन, गेवराई, किनवट, औंढा अशा तालुक्यांतून आलेली मुले-मुली या विद्यापीठांत शिकतात आणि त्यांतल्या पुष्कळांना एखादा जाडजूड संदर्भग्रंथ विकत घेणे म्हणजे मेसच्या खर्चाला कात्री लावणे असते. अशा विद्यार्थ्याचे शिक्षण ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर किती अवलंबून असते, हे तिथे तासभर उभे राहिल्यावर कळते.

काउंटरवरचे काम वरवर पाहता सोपे दिसते. विद्यार्थी ओळखपत्र पुढे करतो, कर्मचारी त्यावरचा बारकोड वाचून घेतो, मग पुस्तकाचा बारकोड वाचतो, आणि हे पुस्तक आता या वाचकाच्या नावावर आहे, अशी नोंद संगणकात होते. संगणक येण्यापूर्वी हेच काम वाचक-तिकिटांवर चालत असे. प्रत्येक वाचकाला ठरावीक तिकिटे मिळत. पुस्तकातले कार्ड त्याच्या तिकिटाच्या खिशात घालून परतीच्या तारखेप्रमाणे लाकडी ट्रेमध्ये लावले जाई आणि पुस्तक परत आले, की ते तिकीट शोधून वाचकाच्या हाती दिले जाई. आज हा हिशेब ‘सोल’सारख्या संगणकप्रणाली ठेवतात. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने ती विकसित केली आहे. साधन बदलले असले, तरी कोणते पुस्तक, कोणाकडे आणि कधीपर्यंत हे तीन प्रश्न तेच राहिले आहेत.

आता काउंटरवरून घेतलेले पुस्तक जवळून पाहा. मुखपृष्ठाच्या पाठीमागे ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि त्याखाली दाखल क्रमांक आहे. हा क्रमांक त्या एकाच प्रतीचा असतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या, तर पाच निराळे क्रमांक पडतात. हाच क्रमांक आतल्या एका ठरलेल्या पानावरही लिहिलेला असतो, म्हणजे कव्हर फाटले किंवा पहिली पाने गळाली, तरी प्रत ओळखता येते. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. जांभळ्या शाईच्या या तारखा एकाखाली एक वाचत गेले, की जून-जुलैत पुस्तक कपाटातच होते, ऑक्टोबरात परीक्षेच्या तोंडावर त्याला उसंत मिळाली नाही आणि मध्ये एक सबंध वर्ष कोणी त्याला हात लावला नाही, हे सगळे उलगडते. संगणकीकरणानंतर पुष्कळ ठिकाणी ही चिठ्ठी लावणे बंद झाले आहे. ती चालू राहायला हवी होती, असे मनापासून वाटते, कारण पुस्तकाला किती वाचक लाभले, हे तिच्यामुळे पुढच्या वाचकाला दिसत असे.

पुस्तक किती दिवसांसाठी मिळते, एका वेळी किती मिळतात आणि उशीर झाल्यास रोजचा दंड किती, हे प्रत्येक ग्रंथालयाच्या नियमावलीत असते. विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापक यांच्यासाठी ते निरनिराळे असते. दंडाची रक्कम बहुधा किरकोळ असते, कारण दंड हा ग्रंथालयाच्या उत्पन्नाचा मार्ग नव्हे. परतीची तारीख ही खरे तर पुढच्या वाचकाची पाळी असते. एकाच प्रतीसाठी तिघांनी मागणी नोंदवलेली असताना पहिल्याने पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत गावी नेले आणि सोयाबीनची काढणी, घरचे कार्य अशा कामांत ते माळ्यावर राहिले, तर उरलेल्या दोघांची परीक्षा त्या पुस्तकाविना होते. कोणी मागणी केलेली नसेल, तर मुदत वाढवून मिळते आणि अनेक ठिकाणी ती घरबसल्या मोबाइलवरूनही वाढवता येते. गावी जाण्यापूर्वी एवढे जरूर करावे.

परत आलेल्या पुस्तकाचा प्रवास वाचकाला दिसत नाही. नोंद उतरवल्यावर पुस्तक ट्रॉलीवर जाते आणि तिथे त्याच्या पाठीवरचा वर्गांक, म्हणजे विषय सांगणारा अंक, पाहून क्रम लावला जातो. ड्यूई दशांश वर्गीकरण या विषयवार अंक देण्याच्या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे, त्यापुढे १ आला, तर कविता, २ आला, तर नाटक आणि ३ आला, तर कथा-कादंबरी. ‘कमवा व शिका’ योजनेतले विद्यार्थीही या कामाला हातभार लावतात. इथे एका अंकाची चूक झाली, तर नाटक कादंबऱ्यांत जाऊन बसते, संगणक पुस्तक उपलब्ध असल्याचे सांगतो आणि वाचक रिकाम्या हाताने परततो. मग ते वार्षिक साठा पडताळणीतच सापडायचे. वाचलेले पुस्तक स्वतः कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवा, असा आग्रह धरला जातो तो यासाठी.

काही साहित्य मात्र बाहेर नेता येत नाही. कोश, नकाशे, बांधीव नियतकालिके आणि पीएच.डी.चे प्रबंध तिथेच बसून पाहावे लागतात. प्रबंधांची सोय आता बरीच झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर ते शोधगंगा या ऑनलाइन भांडारात जमा होऊ लागले आणि सेलूतला किंवा उदगीरचा संशोधकही ते घरी वाचू शकतो. जे पुस्तक आपल्या ग्रंथालयात नाही, ते डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्यातून दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येते. मात्र ते वेळेवर परत करण्याची हमी आपल्या ग्रंथालयाने दिलेली असते.

पावसाळ्यात एसटीच्या प्रवासात पुस्तक भिजले, तर ते उन्हात टाकू नये. पाने वाकडी होतात आणि बांधणी सुटते. पानांमध्ये कोरे, शाई नसलेले कागद घालून पंख्याखाली वाळवावे आणि परत करताना काउंटरवर तसे सांगावे, म्हणजे ते बांधणीला पाठवता येते. पुस्तक हरवले, तर त्याची नवी प्रत किंवा नियमाप्रमाणे किंमत द्यावी लागते. छापणे बंद झालेल्या पुस्तकाची भरपाई मात्र कोणत्याही रकमेने होत नाही.

शिक्षण संपताना ग्रंथालयाचे ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचे प्रमाणपत्र, लागते. त्याशिवाय अनामत रक्कम परत मिळत नाही आणि पुढची कागदपत्रेही अडतात. एप्रिल-मे महिन्यांत काउंटरसमोर रांग लागते, ती यामुळे. सहसा पुस्तक परत करायला वाचकाने स्वतः यावेच लागते असे नाही, कारण नोंद दाखल क्रमांकावरून उतरते. मित्राच्या हाती पाठवले तरी चालते. मात्र नाव उतरल्याची पावती त्याच वेळी घ्यावी आणि नो ड्यूज हाती पडेपर्यंत ती सांभाळून ठेवावी.