अभ्यासक्रम कुठं ठरतो?

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात मराठी पालक आणि शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, आपल्याकडं कॉलेजात काही बदललं की बोट दोनच ठिकाणी जातं. सरकारकडं, नाहीतर प्राचार्यांकडं. मराठीचे तास कमी झाले, सरकारनं केले. पेपरची पद्धत बदलली, प्राचार्यांनी बदलली. प्राचार्य बिचारे परिपत्रक नोटीस बोर्डावर लावतात, तेवढाच त्यांचा हात. खरा निर्णय या दोघांच्या मधे कुठंतरी झालेला असतो. आज बोलायचंय ते त्या मधल्या जागेबद्दल, म्हणजे विद्यापीठाच्या मंडळांबद्दल.

आपली कॉलेजं आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि कारभार बेळगावजवळ भूतरामनहट्टीला आला. कायदा कर्नाटक राज्य विद्यापीठांचा, २००० चा. त्यात अभ्यासक्रमाचा रस्ता ठरलेला आहे: आधी त्या विषयाचं अभ्यासमंडळ, ज्याला आपण सगळे बीओएस म्हणतो; मग विद्याशाखा; मग अकॅडेमिक कौन्सिल, म्हणजे शिक्षणविषयक निर्णयांवर शेवटची मोहोर उठवणारं मंडळ. पैशाचा किंवा पदांचा प्रश्न असेल तर सिंडिकेट, म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणारं मंडळ. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात याच कौन्सिलला विद्यापरिषद म्हणतात, पण फरक नावापुरता नाही. तिकडं पदवीधर मतदारांनी निवडून दिलेले सदस्य अधिसभेत, म्हणजे सिनेटमधे, बसतात आणि प्रश्न विचारतात. आपल्या कायद्यात अधिसभाच नाही. त्यामुळं आपल्याला भाषण ठोकायला जागा नाही. आपलं काम कागदानंच व्हायचं.

आता कौन्सिलची बैठक कशी चालते ते सांगतो, कारण बाहेर त्याबद्दल फार मोठे गैरसमज आहेत. कुलगुरू अध्यक्ष, कुलसचिव सचिव. समोर विषयपत्रिकेचा गठ्ठा. पहिला विषय मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणं, दुसरा त्यावर झालेली कार्यवाही. मग ओळीनं शिफारशी येतात: ‘अमुक विषयाच्या अभ्यासमंडळानं सुचवलेल्या तिसऱ्या व चौथ्या सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाचा विचार करणे. परिशिष्ट सोबत.’ ओळ एवढीच. परिशिष्ट मात्र साठ-सत्तर पानांचं असतं. कुणीतरी संदर्भग्रंथांच्या यादीतली छपाईची चूक दाखवतो, कुणी विचारतो की हे कुठल्या बॅचपासून लागू. ‘मंजूर.’ पुढचा विषय. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय’, आणि तेव्हा निम्म्यांचं लक्ष गाडीच्या वेळेकडं असतं.

हे ऐकून नाराज होऊ नका. इतकी माणसं एका टेबलाभोवती बसून कविता निवडू शकत नाहीत, त्यांनी निवडूही नये. रसायनशास्त्राच्या माणसानं मराठीच्या पेपरात कुठली कादंबरी हवी हे का सांगावं? कौन्सिलचं खरं काम वेगळं आहे. हा पेपर नियमांच्या चौकटीत बसतो का, क्रेडिटची बेरीज जुळते का, प्रवेशाची पात्रता काय, जुन्या स्कीमच्या रिपीटर मुलांची परीक्षा किती वर्षं घ्यायची, हे प्रश्न कौन्सिलनं विचारायचे. ते विचारले गेले नाहीत तर मात्र नाराज व्हा.

त्यातली क्रेडिटची गोष्ट नीट समजून घ्या, कारण भाषा विषयाचं मरण तिथंच असतं. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला शिकवण्याचे पंधरा तास. चार क्रेडिटचा पेपर साठ तासांचा. तो तीनचा केला की पंचेचाळीस. परिशिष्टात फक्त ४ चा ३ होतो, कुणाच्या डोळ्यावरही येत नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणं सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला सोळा तास. समजा एखाद्या कॉलेजात चार तुकड्यांना आठवड्याला चार-चार तास मराठी आहे. सोळा झाले, एक पूर्णवेळ जागा उभी राहिली. प्रत्येक तुकडीचा एक तास गेला की राहिले बारा. पूर्ण कार्यभार दाखवता येत नाही. पुढं निवृत्तीनंतर ती जागा भरायची वेळ येते तेव्हा तिथं अतिथी प्राध्यापक येतो, तासावर. मराठी बंद करा असा ठराव कुणीच केलेला नसतो.

वरून येणारं धोरण हा दुसरा भाग. तिथं कौन्सिलचा हात आखडता असतो, हे मान्य केलं पाहिजे. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवीला लागू करण्यात कर्नाटक सगळ्यांत पुढं होतं, २०२१-२२ पासून. चौथं वर्ष ऑनर्सचं. मग सरकार बदललं, राज्याच्या स्वतंत्र शिक्षण धोरणासाठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, त्याचा अंतरिम अहवाल आला आणि २०२४-२५ पासून पदवी परत तीन वर्षांची झाली. आदेश मे महिन्यातला आणि कॉलेजं उघडायची लगेच पुढं. अशा घाईत कौन्सिल बोलवायला वेळ नसतो. कुलगुरू आपल्या अधिकारात मान्यता देतात आणि पुढच्या बैठकीत विषय येतो कार्योत्तर मंजुरीला. तोवर पोरं पहिली परीक्षा देऊन मोकळी झालेली असतात. तातडीच्या कामासाठी ही सोय लागतेच, पण तीच रोजची रीत होऊ नये.

आता गंमत पाहा. त्याच २०२४ च्या जूनमधे महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत चार वर्षांची नवी रचना सुरू झाली. निपाणीला या. शहर कर्नाटकात. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, विद्यापीठ शिवाजी. एकाच गल्लीतल्या दोन मुली, एकीला तीन वर्षांची पदवी, दुसरीला चौथं वर्ष घ्यायची मुभा. पुढं एम.ए.ला दोघी एका वर्गात बसल्या तर? चौथं वर्ष ऑनर्स केलेलीला पदव्युत्तर एक वर्षाचं, तीन वर्षं केलेलीला दोन वर्षांचं, असा राष्ट्रीय आराखड्याचा हिशेब. पण ज्या विद्यापीठात एक वर्षाचा एम.ए. नाहीच, तिथं चौथं वर्ष केलेलीचं काय करायचं? हा समकक्षतेचा प्रश्न, म्हणजे एका विद्यापीठाची पदवी दुसऱ्यानं कितपत धरायची याचा, आणि तो अकॅडेमिक कौन्सिलचाच आहे. बेंगळूरच्या मुलाला तो फारसा पडत नाही. चंदगड, निपाणी, खानापूरच्या मुलांपुढं तो रोजचा आहे. तो आपण मांडला नाही तर दुसरं कुणी मांडणार नाही.

काही जण म्हणतील, घटनेत भाषिक अल्पसंख्याकांना हक्क आहेत ना? आहेत. पण मातृभाषेतून शिक्षणाचं कलम ३५० अ प्राथमिक शाळेपुरतं आहे. कलम ३० नं आपण संस्था काढू शकतो, आणि भाषिक अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरतं, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मधे टी.एम.ए. पै खटल्यात सांगितलं. तरी संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचाच चालतो. म्हणून मी कोर्टापेक्षा अभ्यासमंडळाकडं बोट दाखवतो.

अभ्यासमंडळावर बाहेरचे तज्ज्ञ असतात. मसुदा आधी तिथं तयार होतो, आणि एका कागदानं काही हलण्याची वेळ तीच. निवेदन द्यायचं तर ‘मराठीवर अन्याय’ असं मोघम लिहू नका. कुठला पेपर, कुठलं सेमिस्टर, किती क्रेडिट, किती मुलं, हे लिहा. आणि मंजूर काय झालं ते पाहायचं असेल तर इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. मुलगी अर्जुननगरला शिकते, पुढं बेळगावात एम.ए. करायचंय, चौथं वर्ष घेऊ का? ताई, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडली तर दोन वर्षांच्या एम.ए.चा रस्ता सरळ आहे, पात्रता आणि मायग्रेशनचे दाखले तेवढे लागतील. चौथं वर्ष घ्यायचं असेल तर आधी इकडच्या विद्यापीठाला पत्र घाला: त्या वर्षाची सूट मिळणार का. काउंटरवरचं तोंडी उत्तर धरू नका, लेखी घ्या. आणि तिच्या प्रत्येक सेमिस्टरचा सिलॅबस कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी आत्ताच काढून ठेवा. समकक्षता तपासताना तोच मागतात, आणि स्कीम बदलल्यावर जुना सिलॅबस ऑफिसात शोधून देणारं कुणी नसतं.